हिब्रू ज्ञानग्रंथ आणि लोकांच्या तोंडच्या म्हणी

(ज्युबिलीनिमित्त देवळाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली समितीनें मला बोलावयास सांगितलें, तेव्हां विषय निवडण्याची मोकळीक माझ्याकडेच ठेविली होती. आपल्या देवळाच्या इतिहासावर बोलण्यास माझ्याहून जाणते वृद्ध येथें समोर बसले आहेत; त्यांच्या देखत तो विषय घेण्याचें धाडस मला झालें नाहीं. म्हणून सेमिनरींत असल्यापासून ज्या गोष्टीचा मला छंद लागला आहे, तीच आज आपणांपुढें मांडावी असें मीं ठरविलें. जुन्या करारांतील कांहीं पुस्तकांना ज्ञानग्रंथ म्हणतात. त्या हिब्रू पुस्तकांतून निघून जगाच्या नित्याच्या बोलण्यांत मिसळून गेलेल्या म्हणी, हा तो विषय होय.

याकडे माझें लक्ष पुन्हां वळविलें तें एका मुलानें. गेल्या पावसाळ्यांत, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर, सातवींत शिकणारा एक मुलगा इंग्रजी वाक्प्रचारांची वही घेऊन माझ्याकडे आला. "फादर, दांतांना कातडी असते का?" असें त्यानें मोठ्या गंभीरपणें विचारिलें. त्याच्या वहींत लिहिलें होतें कीं, मोठ्या संकटांतून जेमतेम वांचलेला इंग्रज मनुष्य आपण दांतांच्या कातडीनें निसटलों असें म्हणतो. पोराचा प्रश्न रास्त होता. दांतांना कातडी नसते. मग ही म्हण आली कोठून? ती आली ईयोबाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांतून. सर्वस्व गमावलेला, सर्वांगाला फोड आलेला ईयोब आपल्या देहाची दशा सांगतां सांगतां हे चमत्कारिक शब्द बोलून जातो. त्यांचा नेमका अर्थ काय, यावर पंडितांत आजहि एकवाक्यता नाहीं. इ. स. १५६० च्या जिनीव्हा येथील इंग्रजी भाषांतरानें ते शब्द जसेच्या तसे इंग्रजींत आणिले, १६११ च्या राजा जेम्सच्या भाषांतरानें ते कायम ठेविले, आणि तेथून ते आपल्या मुलांच्या वह्यांत उतरले. गंमत अशी कीं, इंग्रज कॅथलिकांनीं डूए येथें १६०९-१० मध्यें छापिलेल्या जुन्या करारांत ही कातडी नाहींच. त्यांनीं संत जेरोमच्या लॅटिन भाषांतराचा आधार घेतला, आणि जेरोमनें त्या ठिकाणीं दांतांभोंवतीं उरलेल्या ओठांचा उल्लेख केला आहे. तेव्हां सारें इंग्लंड डूएचें भाषांतर वाचीत राहिलें असतें, तर आपल्या मुलाची एक म्हण पाठ करण्याची मेहनत वांचली असती! (हंशा)

मुलगा समाधान पावून खेळावयास गेला. माझें मात्र समाधान झालें नाहीं. आज परीक्षेंत एका गुणानें उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ही म्हण वापरतो, शेवटची लोकल धांवत पकडणारा कारकून वापरतो. ईयोबाच्या तोंडीं ते शब्द आले तेव्हां त्याचीं दहा मुलें मरण पावलीं होतीं. वाक्य तेंच, पण तें कोण बोलला, कोणत्या घटकेला बोलला, हें सारें वाटेंत गळून पडलें. आज मला बोलावयाचें आहे तें मुख्यतः या गळून पडलेल्या भागाविषयीं.

प्रथम या पुस्तकांची थोडी ओळख करून घेऊं. आपल्या कॅथलिक शास्त्रांत ज्ञानग्रंथ म्हणून सात पुस्तकें मोजतात. त्यांपैकीं स्तोत्रें व गीतरत्न हीं मूळचीं गाण्याचीं. तीं आज बाजूला ठेवूं. शलमोनाच्या नांवावर असलेला ज्ञानग्रंथ मुळांतच ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे, तोहि सोडूं. राहिलीं चार: नीतिसूत्रें, ईयोब, उपदेशक आणि सीराखपुत्राचें बोधपुस्तक. नीतिसूत्रें उघडून पाहिलीं तर समुद्र दुभंगल्याची किंवा सीनाय पर्वतावर मेघगर्जना झाल्याची कथा त्यांत कोठेंच नाहीं. तेथें दिसतो तो बाजार, खोटा तराजू, शेताचा सरकविलेला बांध, झोपाळू नोकर, जामीन राहून बुडालेला शेजारी. पावसाळ्यांत ठिबकणाऱ्या छपराची उपमाहि तेथें आहे, आणि ती भांडखोर बायकोला दिली आहे. पुरुषमंडळींनीं मात्र हंसूं नये. निखाऱ्यावर कोळसे व आगींत लांकडें घालण्याची उपमा त्याच पुस्तकांत भांडखोर पुरुषाला दिलेली आहे.

अशा वचनाला हिब्रू भाषेंत 'माशाल' म्हणतात. नीतिसूत्रांच्या पुस्तकाचें हिब्रू नांव 'मिशले' हें त्याच शब्दावरून झालें. माशाल म्हणजे सारखेपणा दाखविणारें बोलणें. एका गोष्टीशेजारीं दुसरी ठेवावी आणि ऐकणाऱ्यानें दोहोंकडे पाहून आपला अर्थ आपण काढावा. म्हणून बहुतेक वचनांना दोन अंगें असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखीं. पहिल्या अंगांत एक गोष्ट सांगावयाची आणि दुसऱ्या अंगांत तीच फिरवून, वाढवून किंवा उलट करून सांगावयाची. हा शब्द, माशाल, कृपा करून ध्यानांत ठेवावा. व्याख्यानाच्या शेवटीं तो पुन्हां लागणार आहे.

हें पुस्तक एका हातचें नाहीं. शलमोनाचें नांव त्यावर आहे, आणि दहाव्या अध्यायापासून बाविसाव्याच्या मध्यापर्यंत जो मोठा संग्रह आहे, त्यांत तीनशें पंचाहत्तर वचनें भरतात. हिब्रू अक्षरांना अंकांच्या किंमती असतात, आणि शलमोन या नांवाच्या अक्षरांची बेरीजहि तीनशें पंचाहत्तरच होते! संग्रह करणाऱ्याच्या मनांत हें होतें, असें बहुतेक अभ्यासकांना वाटतें. पुढें पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, यापुढील वचनें यहुदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनीं उतरून काढिलीं. हिज्कीया ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस राज्य करीत होता, म्हणजे शलमोनानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळानें. मला त्या लेखकांचें फार कौतुक वाटतें. त्यांचें एकाचेंहि नांव उरलें नाहीं.

याहून मोठें आश्चर्य विसाव्या शतकांत उघडकीस आलें. आमेनेमोपे नांवाच्या एका मिसरी अधिकाऱ्यानें आपल्या मुलासाठीं केलेला उपदेश लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील एका पपायरसावर आहे. बज या पंडितानें तो १९२३ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं एरमान या जर्मन विद्वानानें दाखवून दिलें कीं, नीतिसूत्रांच्या बाविसाव्या व तेविसाव्या अध्यायांतील पुष्कळ वचनें त्या मिसरी उपदेशाशीं ओळीनें जुळतात. विधवेच्या शेताची हद्द सरकवूं नये, तापट माणसाशीं मैत्री करूं नये, गरिबाला लुबाडूं नये. संपत्तीला पंख फुटून ती आकाशांत उडून जाते, ही कल्पनाहि तेथें आहे. फरक एवढाच कीं, नाईल नदीच्या कांठीं ती हंसाच्या जातीच्या पाणपक्ष्यांसारखी उडते, आणि यहुदाच्या डोंगरांत येईपर्यंत त्यांचा गरुड झालेला असतो. मिसरी पुस्तकाचे तीस भाग आहेत. हिब्रू वचनांत त्याच ठिकाणीं एक अवघड शब्द होता. जेरोमनें त्याचा अर्थ 'तीन प्रकारें' असा घेतला होता. पपायरस हातीं आल्यावर तो शब्द 'तीस' असा वाचावा, असें बहुतेकांचें मत झालें. दीड हजार वर्षें अडलेला एक शब्द मिसरी कागदानें सोडविला.

कोणी विचारील, देवाच्या प्रेरणेनें लिहिलेल्या पुस्तकांत परक्यांचें बोलणें कसें आलें? मला यांत संकोचाचें कारण दिसत नाहीं. त्याच पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय आगूर आणि लमुवेल राजा यांच्या नांवावर आहेत, आणि हे दोघे इस्राएलाबाहेरचे असावेत असें दिसतें. लमुवेलाचीं वचनें तर त्याच्या आईनें त्याला शिकविलेलीं आहेत. सत्य कोणाच्या ओसरीवर सांपडलें, हें पाहून हिब्रू ज्ञानी मागें फिरले नाहींत.

आतां हीं वचनें म्हणी कशा झाल्या, तें पाहूं. म्हण होण्यासाठीं वचनाला आखूड व्हावें लागतें. दोन पारड्यांपैकीं एक टाकून द्यावें लागतें. गर्वाविषयींचें वचन सोळाव्या अध्यायांत आहे. मुळांत नाशापुढें अहंकार आणि ठोकर खाण्यापुढें ताठा, अशी दोन अंगें आहेत. इंग्रजांनीं पहिल्या अंगाचा गर्व घेतला, दुसऱ्या अंगाचें पडणें घेतलें, मधलें सारें कापून टाकिलें, आणि गर्वामागून पतन येतें अशी सुटसुटीत म्हण केली. जर्मनांनींहि तसेंच केलें. त्याच अध्यायांत मनुष्याचें अंतःकरण मार्ग योजतें पण पावलें वळविणारा परमेश्वर आहे, अशा अर्थाचें वचन आहे. मनुष्य योजतो आणि घडवितो देव, या रूपानें तें युरोपच्या बहुतेक भाषांत फिरतें. हें रूप पसरण्यास मोठी मदत झाली ती पंधराव्या शतकांतील 'ख्रिस्तानुकरण' या पुस्तकाची, जें आपल्यांतील पुष्कळ वृद्धांच्या उशाशीं असे.

दुसऱ्यासाठीं खड्डा खणणारा स्वतःच त्यांत पडतो, हें नीतिसूत्रांतहि आहे, उपदेशकांतहि आहे आणि सीराखपुत्रांतहि आहे. जर्मन लेंकरूंहि तें म्हणतें. सुवासिक तेलांत मेलेल्या माश्या पडल्या कीं सारें तेल नासतें, हा उपदेशकाचा दृष्टांत. त्यावरून इंग्रजींत चांगल्या गोष्टींतील एका बारीक दोषाला मलमांतील माशी म्हणतात. आपण दुधांत मिठाचा खडा पडला असें म्हणतों.

छडीच्या बाबतींत मात्र मोठा अन्याय झाला आहे. छडी आवरली तर मूल बिघडतें, ही इंग्रजी म्हण शास्त्रवचन म्हणून मास्तरांनीं पिढ्यान् पिढ्या वापरिली. तेराव्या अध्यायांत छडीचा उल्लेख आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण तेथें मुलावर प्रेम करणारा बाप वेळींच शिस्त लावतो, असें दुसरें अंग आहे. इंग्रजी म्हणीला सध्यांचें रूप दिलें तें सॅम्युएल बटलर या विनोदी कवीनें सतराव्या शतकांत, आणि तेंहि एका थट्टेच्या काव्यांत, ज्यांतील मूल म्हणजे साक्षात् कामदेव! शास्त्रांतील प्रेम गेलें, राहिली ती छडी. आपल्याकडेहि छडी आणि विद्या यांची जोडी लावणारी म्हण होतीच. दोन्ही मिळून आमच्या पिढीच्या तळहातांचें काय झालें, तें समोरच्या मंडळींस विचारावें. (हंशा)

भाषांतरांतहि असेंच कांहींतरी गळतें. संत जेरोमनें बेथलेहेमांत आजारांतून उठल्यावर शलमोनाच्या नांवावरचीं तीन हिब्रू पुस्तकें तीन दिवसांत लॅटिनमध्यें आणिलीं, असें तो स्वतःच प्रस्तावनेंत सांगतो. उपदेशकाच्या आरंभीं येणारा हिब्रू शब्द आहे 'हेवेल'. त्याचा अर्थ श्वास, वाफ, धुकें. थंडीच्या सकाळीं तोंडांतून निघून क्षणांत विरणारी वाफ डोळ्यांपुढें आणावी. आदामाचा धाकटा मुलगा हाबेल, जो तरुणपणींच मारला गेला, त्याचें नांवहि हिब्रूंत हेंच. लॅटिनमध्यें त्याचें 'वानितास' झालें, मराठींत 'व्यर्थ' झालें. दोन्ही शब्द चूक नाहींत. पण वाफ गेली. 'व्यर्थ' म्हणणारा मनुष्य जगावर रागावलेला वाटतो. 'वाफ' म्हणणारा कदाचित् नुसता तिच्याकडे पाहत असेल. सूर्याखालीं नवें कांहीं नाहीं, हें त्याच पुस्तकांतील वाक्य आपल्या वर्तमानपत्रांतहि आढळतें, आणि तेथें तें बहुधा कंटाळलेल्या माणसाच्या तोंडीं असतें.

आतां सीराखपुत्राकडे वळूं. प्रॉटेस्टंट बंधूंच्या शास्त्रांत हें पुस्तक नाहीं, आणि आपणहि तें फारसें उघडीत नाहीं. येशू बेन सीरा नांवाच्या जेरूसलेमच्या गुरूनें तें ख्रिस्तपूर्व १८० च्या सुमारास हिब्रूंत लिहिलें. त्याचा नातू ख्रि. पू. १३२ मध्यें मिसर देशीं गेला आणि तेथें त्यानें आजोबांचें पुस्तक ग्रीकमध्यें आणिलें. त्याची प्रस्तावना मला फार प्रिय आहे. एका भाषेंतील शब्दांचें बळ दुसऱ्या भाषेंत तसेंच उतरत नाहीं, तरी वाचकांनीं सांभाळून घ्यावें, अशा आशयाची क्षमा तो मागतो. व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकानें ती पाठ करावी.

पुढें मूळ हिब्रू पुस्तक नाहींसें झालें, आणि नातवाचें भाषांतर तेवढें उरलें. इ. स. १८९६ मध्यें ॲग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या स्कॉटलंडच्या दोन विदुषी जुळ्या बहिणींनीं पूर्वेकडून कांहीं जीर्ण पानें आणिलीं. केंब्रिजचे ज्यू पंडित सोलोमन शेख्टर यांनीं त्यांतील एक पान पाहतांच ओळखिलें कीं, हें बेन सीराचें हरवलेलें हिब्रू आहे. मग ते कैरोला गेले, आणि तेथील जुन्या सिनॅगॉगच्या कोठडींतून आणखी पानें मिळालीं. १९६४ मध्यें मसादाच्या किल्ल्यांत त्याच पुस्तकाची एक गुंडाळी सांपडली. तो किल्ला रोमन सैन्यानें इ. स. ७३ च्या सुमारास घेतला होता, म्हणजे गुंडाळी त्याहून जुनी. आज सुमारें दोन तृतीयांश मूळ पुस्तक हातीं आहे.

जो डांबराला हात लावतो त्याच्या हाताला तें चिकटतें, हें बेन सीराचें वचन इंग्रजींत म्हण होऊन बसलें. शेक्सपियरच्या पात्रांच्या तोंडींहि ती येते. होड्यांना डांबर लावणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना तिचा अर्थ सांगावयास नको. आणि हें ऐकतांच आपणांस आठवतें: ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दोन म्हणी सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीची लेंक ठरत नाहीं. ढवळ्यापवळ्याची जोडी आपल्याच गोठ्यांतली आहे. ती पॅलेस्टाइनहून आलेली नाहीं. संगतीचा परिणाम जेरूसलेमांत दिसला तसा कोंकणांतहि दिसला, एवढेंच. आमच्या कांहीं उत्साही प्रवचनकारांना प्रत्येक मराठी म्हणीचें मूळ शास्त्रांत शोधण्याची हौस असते. मला ती पटत नाहीं. हिब्रू वचनें मराठींत आलीं तीं बहुतांशीं भाषांतरांतून, प्रवचनांतून व इंग्रजी शाळांतून आलीं. या पुस्तकांचे मूळ वारस मात्र त्याआधीं कित्येक पिढ्या आपल्या शेजारीं नांदत होते. कुलाबा जिल्ह्यांत तेल गाळणारे बेने इस्राएल शब्बाथाच्या दिवशीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. आणि त्यांची घरची भाषा मराठीच होती. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांतील बरेच तिकडे गेले व मराठी बरोबर घेऊन गेले.

असो. आतां ज्या भागासाठीं मीं हा विषय घेतला, त्याकडे येतों.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायांत दोन वचनें एकाखालीं एक आहेत. पहिलें सांगतें, मूर्खाला त्याच्या मूर्खपणास साजेसें उत्तर देऊं नको. लगेच दुसरें सांगतें, मूर्खाला तसेंच उत्तर दे. ज्यू धर्मगुरूंना हें इतकें खटकलें कीं, परस्परविरोधी वचनांमुळें हें पुस्तक बाजूला ठेवावें असाहि विचार एके काळीं झाला होता. तालमुदांत तशी नोंद आहे. शेवटीं त्यांनीं तोडगा काढिला कीं, एक वचन धर्मशास्त्राच्या बाबतींत व दुसरें व्यवहारांत लावावें. मला वाटतें, संग्राहकानें तीं मुद्दाम शेजारीं ठेविलीं. आपणहि एका तोंडानें शुभस्य शीघ्रम् म्हणतों आणि दुसऱ्या तोंडानें उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधतों. दोन्ही खरें आहे. कोणतें केव्हां, हें मात्र म्हणींत लिहिलेलें नसतें.

त्याच अध्यायांत पुढें म्हटलें आहे कीं, मूर्खाच्या तोंडचें माशाल म्हणजे दारुड्याच्या हातांतील कांटा. झिंगलेल्या माणसाच्या हातीं कांटेरी फांदी असली म्हणजे ती कोणाला लागेल, याचा नेम नसतो. बेन सीराहि सांगतो कीं, मूर्खानें बोललेली म्हण लोक नाकारतात, कारण तो ती तिच्या वेळीं बोलत नाहीं. पाहा, म्हण खोटी आहे असें तो म्हणत नाहीं.

हें मीं पुस्तकांत वाचिलें होतें. समजलें फार उशिरां. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, गुरुदीक्षेला वर्ष झालें नव्हतें, तेव्हां मी किनाऱ्यावरच्या एका गांवीं सहाय्यक होतों. तेथें एका घरीं चार वर्षांचा मुलगा तापानें दोन दिवसांत गेला. मला बोलावणें आलें. मी झगा घालून, पुस्तक घेऊन गेलों. आई भिंतीला टेकून बसली होती; ती रडतहि नव्हती. मला तें मौन सोसवेना. कांहींतरी बोललें पाहिजे, मी धर्मगुरू आहें, असें मला वाटलें; आणि मीं ईयोबाचें तें सर्वांच्या ओळखीचें बोलणें तिला ऐकविलें, देवानें दिलें, देवानें नेलें. कोपऱ्यांत मुलाची आजी होती. ती म्हणाली, "फादर, हें जो बोलला त्याचीं स्वतःचीं लेंकरें मेलीं होतीं ना?" मीं म्हटलें, "होय, आजी." ती म्हणाली, "मग तें त्याला बोलूं द्या."

ती रागावली नव्हती. तिनें उठून मला पाणी दिलें. मी मात्र त्या रात्रीं ईयोबाचें पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचिलें. सेमिनरींत परीक्षेसाठीं वाचिलें होतें, तसें नव्हे.

जगांत ईयोबाची सहनशीलता म्हणीसारखी झाली आहे. संत याकोबाच्या पत्रांतहि त्याच्या धीराचा गौरव आहे. पण ही सहनशील मूर्ति पहिल्या दोन अध्यायांतली. तिसऱ्या अध्यायांत ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. मग सुमारें तीस अध्याय तो थांबत नाहीं. देवानें आपणाशीं वाद घालावा, आपला गुन्हा दाखवावा, असें आव्हान देतो. म्हणींतल्या ईयोबाला हें बोलतां येत नाहीं. म्हणींत तो कायमचा गप्प बसला आहे, आणि आपण दुःखितांना त्याचा दाखला देऊन गप्प बसवितों.

त्याचे तीन मित्र आले. त्यांनीं पहिल्यानें केलें तें उत्तम केलें: सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि त्याचें दुःख फार मोठें आहे हें पाहून एक शब्दहि बोलले नाहींत. मग एलीफजानें बोलण्यास आरंभ केला. त्याच्या अगदीं पहिल्या भाषणांतच, अधर्म नांगरणारे व दुःख पेरणारे तेंच कापतात, असा विचार आहे. पेरावें तसें उगवतें! आपल्या शेतकऱ्याच्या तोंडची म्हण. एरवीं त्यांत चूक काय आहे? संत पौलहि गलतीकरांस तेंच लिहितो. परंतु एलीफज तें ज्या माणसाला ऐकवीत होता, त्याचीं दहा मुलें एका दिवसांत घराखालीं चिरडलीं गेलीं होतीं.

यावर तेराव्या अध्यायांत ईयोब उत्तर देतो. त्या मित्रांच्या साऱ्या सुभाषितांना तो राखेच्या म्हणी म्हणतो. आणि तेथें हिब्रूंत जो शब्द आहे, तो तोच, नीतिसूत्रांच्या पुस्तकाच्या नांवांतला: माशाल. ज्या ज्ञानपरंपरेनें म्हणी जमविल्या, मोजल्या, राजाच्या लेखकांकडून उतरून घेतल्या, तिनेंच एका दुःखी माणसाच्या तोंडून त्यांना राख म्हणवून घेतलें, आणि तें वाक्य गाळलें नाहीं. शेवटच्या अध्यायांत देव एलीफजाला सांगतो कीं, तुम्ही माझ्याविषयीं माझ्या सेवक ईयोबासारखें यथार्थ बोललां नाहीं. ज्यानें शाप दिले, आव्हान दिलें, त्याचें बोलणें यथार्थ ठरलें. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना बैल व मेंढे घेऊन क्षमा मागावयास जावें लागलें, आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची होती ती ईयोबानें.

त्या घरीं मी पुढें अनेकदां गेलों. पहिल्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर मुलाच्या आईनें मला थांबवून एकच गोष्ट विचारिली: देवावर रागावलें तर तें कबुलीजबाबांत सांगावें लागतें का? मीं तिला ईयोबाचा तिसरा अध्याय वाचावयास दिला. तिनें तो वाचला कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पुस्तक तिनें बरेच दिवस ठेवून घेतलें होतें.

समितीनें दिलेली वेळ संपत आली आहे, आणि गायनमंडळ बाहेर पेटी घेऊन उभें आहे. एक सूचना देऊन मी रजा घेतों. पुढील गुरुवारपासून संध्याकाळच्या मिस्सेनंतर, याच सभागृहांत, आपण ईयोबाचें पुस्तक मिळून वाचणार आहों. ज्यांच्याकडे पुस्तक नाहीं त्यांना देवळांतून मिळेल. वाचनाचा आरंभ मात्र तिसऱ्या अध्यायापासून करूं. पहिले दोन आपणां सर्वांस पाठ आहेत.